डॉर्सेटच्या रानात आमचे डॉक्टर

आम्ही हरणाच्या शिकारीला जाऊन आलो, असं पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, "सुलू, तुझी तब्येत बरी आहे ना?" बरी आहे बाई. जन्मात कधी अंड्याला हात लावला नाही, घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन बागेत सोडून येते, अशी मी परवाच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटच्या एका रानात, भल्या पहाटे, परक्या बाईची विजार घालून बंदुकीच्या मागे उभी होते. ज्यांच्यावर असा प्रसंग कधी येणार नाही त्यांना सगळं नीट कळावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

याचं मूळ एका थापेत आहे. हे, म्हणजे आमचे डॉक्टर, मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते. नवीन होते तेव्हा कॉफीरूममध्ये सोमवार उजाडला की सगळे गोरे मासे, घोडे आणि शिकारीच्या गोष्टी काढून बसायचे. यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. एक दिवस यांनी ठोकून दिलं की माझ्या आजोबांनी बिबट्या मारला होता. यांचे आजोबा वाईला पोस्टमास्तर. झुरळ दिसलं तरी पाटावर चढून बसायचे, असं सासूबाई हसत हसत सांगायच्या. पण तो बिबट्या कॉफीरूममध्ये वीसेक वर्षं राहिला आणि दरवर्षी थोडा अंगानं भरत गेला. मार्चमध्ये हे रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून भेट दिली ती अशी: डॉर्सेटला दोन दिवस, वाटाड्यासह रो हरणाची शिकार, राहणं-जेवण धरून, मिसेसना घेऊन या.

खरं तर आभार मानून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकायचं आणि विसरायचं. मीच तसं सांगितलं असतं. पण रिटायर झाल्यापासून हे बोलेनासेच झाले होते. भांडण नाही, दुखणं नाही, रक्ताचे रिपोर्ट एकदम व्यवस्थित. सकाळी आंघोळ करून, सवयीनं टाय लावून खिडकीशी पेपर उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. चहा देऊ? हो. वाढू का? हो. ग्लासगोहून निखिलचा फोन आला की विचारायचा, "आई, बाबा बोलत का नाही? तो ओके आहे ना?" इथंच जन्मला, त्याला बाबाही 'तो'च. "आहे रे ओके," मी म्हणायची. नव्हते. पूर्वी हातातला घास हातातच ठेवून मला ऑपरेशनं सांगणारा माणूस हा. भाजी गार व्हायची, मी ओरडायची. तो माझा बडबड्या नवरा मला परत हवा होता. तो शिकारीला जाऊन मिळणार असेल तर शिकारीला जायचं. मीच फोन करून तारीख ठरवली.

शुक्रवार: ब्रायन आणि जोन

मोटरवेचं वर्णन करत नाही, सगळे मोटरवे सारखेच असतात. डॉर्सेटमध्ये शिरल्यावर मात्र रस्ते अंग चोरून चालायला लागतात. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झुडपांच्या भिंती, मध्ये एकच गाडी मावेल एवढी जागा, आणि समोरून ट्रॅक्टर. यांनी गाडी मागे घेतली ती मागच्या चाकासकट चरात. ट्रॅक्टरवाला उतरला, दोर बांधला, गाडी ओढून काढली, टोपीला बोट लावलं आणि गेला. आपल्याकडे एवढ्यात दहा माणसं जमून वीस सल्ले मिळाले असते. मला त्या माणसांची फार आठवण आली.

ब्रायन आमचा वाटाड्या. साठीचा, उंच, चेहरा वाऱ्यानं तांबूस झालेला. आयुष्य रानात गेल्यामुळे आवाज कायमचा खाली गेलेला, घरातसुद्धा कुजबुजत बोलतो. त्याची बायको जोन त्याचीही कसर भरून काढते. "त्याला हरणांची सवय," दारातच ती मला म्हणाली, "मला मात्र माणसांशी बोलायचं असतं. या, आत या."

सामान ठेवायच्या आतच ब्रायन यांना मागच्या शेतात घेऊन गेला. त्याचा एक नियम आहे. पाहुणा कितीही मोठा असो, आधी कागदावर गोळी झाडून दाखवायची. नेम नसलेला माणूस जनावराला नुसता जखमी करतो, आणि त्याहून वाईट गोष्ट नाही, असं त्याचं म्हणणं. ज्याला जमत नाही त्याला तो रानात नेतो, पण गळ्यात नुसती दुर्बीण अडकवून. मी मनात म्हटलं, देव पावला. आमच्या डॉक्टरांनी जत्रेतला फुगाही कधी फोडलेला नाही.

ब्रायननं बंदूक कशी धरायची, खांद्याला कशी टेकवायची ते शांतपणे दाखवलं. हे गवतावर पालथे झाले. मग यांनी श्वास हळूहळू सोडला आणि मधेच थांबवला. तो थांबलेला श्वास माझ्या ओळखीचा होता. निखिलच्या तळव्यात काच गेली होती तेव्हा ती काढताना यांनी असाच श्वास धरला होता. तीन बार झाले. ब्रायन कागद घेऊन आला तेव्हा तिन्ही भोकं एका पेढ्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती.

"आजोबांचं रक्त," ब्रायन कुजबुजला. भेट देणाऱ्यांनी बुकिंग करतानाच त्याला बिबट्याची गोष्ट सांगून ठेवली होती.

पोस्टमास्तरांचं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. किती महिन्यांनी त्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला आनंद झाला, पण आता हे खरंच हरीण मारणार होते.

जेवायला जोननं आमच्यासाठी फार मनापासून केलं होतं. पुदिना घातलेले नवे बटाटे, चीज घालून भाजलेला फ्लॉवर, आणि आपल्या घेवड्यासारख्या लांब हिरव्या शेंगा, नुसत्या उकडलेल्या. मीठसुद्धा आपलं आपण घ्यायचं. मी पिशवीतून मेतकुटाची डबी काढली आणि तिच्या बटाट्यांवर थोडं भुरभुरलं. तिनं खाल्लं, थांबली, आणि डबी आपल्याकडे ओढून घेतली. त्या डबीचं घरी परत येणं काही झालं नाही.

मग ब्रायननं व्हायची ती चौकशी केलीच. "त्या बिबट्याबद्दल ऐकायचंय, डॉक्टर."

हे ताटात बघत बसले. मला ते काही बघवेना. मी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. अमावस्या, वाईजवळचं खेडं, गोठ्यात शिरलेला बिबट्या, हंबरणाऱ्या गाई, आजोबांच्या हातात कंदील. कंदील कशाला हवा होता कोण जाणे, पण आला. बिबट्यानं झेप घेतली तेव्हा जोनचा काटा हवेतच राहिला. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई कोण. मी टेबलाखालून पाय लावून गप्प केलं, नाहीतरी हे गप्पच होते.

नंतर ब्रायननं उद्याचं सांगितलं. रो म्हणजे आपल्या भेकराएवढं हरीण, उन्हाळ्यात विटकरी लाल होतं. आता इथं लांडगे राहिले नाहीत, म्हणून संख्या माणसालाच आवरावी लागते, नाहीतर नवी झाडं वर येऊच देत नाहीत. तरणे नर सोडायचे, म्हातारे घ्यायचे, माद्यांना या दिवसांत हात लावायचा नाही. हे सगळं माझ्या गळी उतरत होतं. पण ऑगस्टमध्ये त्यांचा जोडीचा हंगाम असतो, आणि तेव्हा नराला बोलवायला ब्रायन बीच नावाच्या झाडाचं पान ओठांवर धरून मादीचा आवाज काढतो. त्यानं टेबलाशीच काढून दाखवला. बारीक, कातर, "पीऽ" असा आवाज. नर ऐकतो आणि असेल तिथून धावत येतो.

"म्हणजे बायकोच्या आवाजानं बोलवायचं आणि मारायचं?" मी म्हटलं. "असलं आमच्या रावणानंही केलं नसतं." मग मारीच राक्षसाची आठवण झाली आणि गप्प बसले.

जोन म्हणाली, "मी हाक मारली तर हा धावत येत नाही. हरणं बरी."

शनिवार: रानात

पहाटे जोननं मला आपली हिरवी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले. साडी दवात ओली होते आणि फडफडते, हे मलाही पटलं. विजार घालून बाहेर आले तर यांनी दोनदा बघितलं. सासूबाई वरून बघत असतील तर त्यांनीही दोनदा बघितलं असेल.

रानाच्या कडेनं बार्लीचं शेत होतं, त्यावर धुकं गुडघ्याएवढं. ब्रायन खिशातल्या बाटलीतून टाल्कम पावडरीचा फवारा हवेत सोडायचा आणि ती कुठे वाहते ते बघून वाट ठरवायचा. मागे वळून त्यानं माझ्याकडे नाक फुरफुरवलं. मी रोजच्याप्रमाणे केसांना खोबरेल चोपडलं होतं. आता काय करणार. त्यानं मला वाऱ्याच्या शेवटाला, सगळ्यांच्या मागे ठेवलं. चालताना काटकी मोडली की ब्रायन थांबायचा. माझ्या पायाखाली जगातल्या सगळ्या काटक्या आल्या होत्या.

एका मोठ्या ओकखाली त्यानं आम्हाला उभं केलं. तीन काठ्यांची तिवई रोवून त्यावर यांच्या बंदुकीला टेकण दिलं. मग पान ओठाला लावलं. एकदा. मग पुन्हा. मग कितीतरी वेळ काहीच नाही, फक्त पानांवरून दवाचे थेंब खाली पडत होते.

आणि तो आला. पळत आला आणि धुक्यात एकदम थांबला. इतका लाल की नुकताच रंगवला आहे असं वाटावं. डोक्यावर वीतभर शिंगं, नाक काळं आणि ओलं, कान एकदा पुढे, एकदा मागे. जिच्या आवाजासाठी तो आला होता ती त्याला दिसेना. तो बावरून इकडेतिकडे बघत होता. ब्रायननं यांच्या खांद्यावर एक बोट टेकवलं, म्हणजे हाच, झाडा. यांचा श्वास सुटला आणि मधेच थांबला.

तुम्ही म्हणाल, मला दया आली. अहिंसा आठवली. खोटं कशाला सांगू, तसलं काहीसुद्धा मनात आलं नाही. मला फक्त यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ फार दूर गेली आहे असं वाटलं. माझ्या तोंडून निघालं, "अहो."

मोठ्यानं नाही. चहा झालाय हे सांगायला म्हणते तेवढ्यानंच.

हरीण जागच्या जागी उडालं. पांढरं बूड दिसलं आणि गेलं. मग रानातून ते भुंकायला लागलं, कुत्र्यासारखं, खरबरीत, चिडून. किती तरी वेळ आम्हाला शिव्या देत होतं. ब्रायननं डोळे मिटून घेतले. चांगला माणूस म्हणून, दुसरा कुणी असता तर मलाच नेमाच्या कागदासारखं उभं केलं असतं.

आणि हे, बंदुकीवरून डोळाही न उचलता, म्हणाले, "काय गं?"

अगदी पूर्वीसारखं. मार्चपासून मला नुसतं 'हो' मिळत होतं, 'काय गं' नव्हतं मिळालं. मी म्हटलं, "काही नाही." तेव्हा यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या त्या विजारीकडे पाहिलं आणि हसायला लागले. आधी खांदे हलले, मग सगळेच हलायला लागले. रानातून हरीण भुंकतंय, समोर हे हसताहेत, आणि ब्रायन आकाशाकडे बघतोय.

ब्रायननं बंदूक काढून घेतली आणि "मी जरा पुढे बघून येतो" असं म्हणून निघून गेला. आम्ही दोघं एका पडलेल्या खोडावर बसलो. मी थर्मासमधून चहा ओतला, दशमी आणि लसणाची चटणी काढली.

"तुम्ही खरंच मारणार होता?"

"हो."

"खरंच?"

"हो," हे म्हणाले. दशमी हातात तशीच. "सकाळी उठलं की हे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही, सुलभा. मांडीवर ठेवतो, खिशात घालतो. काल त्या बंदुकीवर ठेवले तेव्हा कळलं कुठे ठेवायचे."

मला रडू आलं. पाच महिने मी रक्त तपासत होते, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या देत होते, आणि माणूस हातांचं दुःख घेऊन बसला होता. मी नाक पुसून म्हटलं, "मग घरी कणीक मळा."

"मळतो."

"संध्याकाळी ब्रायन पुन्हा नेणार आहे ना तुम्हाला? मी येत नाही. मी आले की पुन्हा हाक मारीन."

"मी गेलेलं तुला चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "तरी जा."

परत निघताना यांनी ब्रायनला थांबवून सांगून टाकलं की बिबट्या वगैरे काही नव्हता, आजोबा पोस्टमास्तर होते. ब्रायननं थोडा विचार केला. "मिसेसनी काल त्याची लांबी सांगितली," तो म्हणाला, "तेव्हाच मला वाटलं होतं की हा बिबट्या जरा जास्त झाला." आणि त्यानं माझ्याकडे बघून टोपी काढली.

शनिवार: जोनचा ओटा

संध्याकाळी ते दोघं गेले. मी पुन्हा साडी नेसले आणि मागच्या ओट्यावर जोनबरोबर शेंगांच्या शिरा काढत बसले. ऊन कलतं होतं पण भरपूर होतं, इकडे ऑगस्टात दिवस सहजी बुडत नाही. जोन तिच्या बहिणीच्या सुनेबद्दल सांगत होती. सुनांबद्दलचं बोलणं सगळीकडे सारखंच, त्यामुळे माझं लक्ष नसूनही मला हुंकार बरोबर देता येत होते. माझं अर्धं मन म्हणत होतं, याही वेळी काहीतरी होईल, कुणी शिंकेल, कुणी खोकेल.

रानातून आवाज आला. एकच.

जोननं शेंगा बाजूला ठेवल्या. मग उठून आत गेली आणि किटली ठेवली. "आवाज आला की मी चहा ठेवते," ती आतून म्हणाली. "दुसरं काय करणार?" तो चहा मला काही गेला नाही. कप हातात धरून मी त्या लाल पोरासाठी, म्हणजे तो तोच होता की दुसरा हे मला ठाऊक नव्हतं, पण त्याच्यासाठी रामरक्षा म्हटली. हरणासाठी रामरक्षा म्हणताना सुवर्णमृग आठवतो आणि जीभ अडखळते. तरी पुरी केली.

बऱ्याच वेळानं हे आले. ब्रायन सरळ पलीकडच्या खोलीत गेला, तिथं तो हरीण टांगतो. हे माझ्यासमोर ओट्याखाली उभे राहिले. बाह्या कोपरापर्यंत वर, दोन्ही हात छातीपुढे उभे धरलेले, कशालाही न लावता. ऑपरेशनसाठी हात धुऊन निघालेला सर्जन धरतो ना, तसेच. फक्त हे धुतलेले नव्हते. शर्टाच्या कफांवर डाग होते.

मी जोनचा पत्र्याचा मग घेतला, अंगणातल्या नळाखाली भरला आणि यांच्या हातांवर धार धरली. गार पाणी. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग बसतो, हे सर्जनच्या बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळतं.

"म्हातारा होता," हे म्हणाले. "दात पार झिजलेले. दुसराच होता, सकाळचा नाही. लगेच गेला. एक पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यानं." हे हात चोळत होते. "ब्रायननं आधी ओकची डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवली. मग चाकू काढला."

"तुळशीपत्रासारखी?"

"तसंच काहीसं. मी विचारलं नाही." मी दुसरा मग भरला. "मी त्याच्या अंगावरून हात फिरवला, आणि पुढच्या पायाला गाठ लागली. डावा पाय, वरचं हाड. सुलभा, ते मोडलेलं होतं. जुनं, दोनतीन वर्षांपूर्वीचं असेल. कुंपणात अडकला असेल, नाहीतर गाडीची धडक. कुणी उचलून नेलं नाही, प्लेट नाही, प्लास्टर नाही. वाकडं जुळलं होतं, चांगलं बोटभर वाकडं, पण जुळलं होतं काय घट्ट. त्याच पायावर पळत होता. आज आला तोही पळतच आला."

मी पाणी ओतत होते.

"आणि मी इतकी वर्षं समजत होतो की हाडं मी जोडतो," हे म्हणाले. "मी नुसता ती सरळ धरत होतो गं. जोडत तीच होती."

यांचे डोळे भरून आले होते, आणि हात ओले असल्यामुळे पुसता येत नव्हते. मी पदरानं पुसले. मला त्या हरणाचं वाईट वाटत होतं, आणि ते मला लपवायचंही नव्हतं. अजूनही वाटतं.

"याचं पाप तुम्हाला लागणार आहे," मी म्हटलं.

"लागू दे. तू पाणी घाल."

मी पुन्हा मग भरला. मग यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. रान कसं होतं, वारा कुठून होता, ब्रायननं कुठे थांबवलं, गाठ बोटाखाली कशी लागली, आणि मँचेस्टरला पहिल्या वर्षी एका खाणकामगाराचा असाच पाय आला होता तो. जोन दारात येऊन उभी राहिली आणि जेवण गार होतंय असं सांगून परत गेली. हात कधीच स्वच्छ झाले होते. तरी ते पुढे धरून हे बोलत होते, आणि मी मग भरत राहिले.